डावा कान

वहिनींना नवऱ्याच्या पुतळ्यांचा हेवा कधी वाटला नव्हता. वाटण्यासारखं होतं काय त्यांच्यात? एकतीस वर्षांत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बावीस जण उभे राहिले आणि आपापल्या चौकात निघून गेले. बावीसच्या बावीस पुरुष. तीन सेनापती, त्यांतला एक घोड्यासकट. चार नगराध्यक्ष, चौघांची पोटं एकाच मापाची. एक डॉक्टर, हातात बॅग धरलेला. नदीवर पूल बांधणारा एक इंजिनिअर, ज्याच्या मिशीपायी शिल्पकारांना ताप भरला होता. असल्या मंडळींचा हेवा कोण करणार?

उलट त्या सगळ्यांना वहिनींनीच सांभाळलं होतं. 'वहिनी' हे नाव साचेवाल्यानं पाडलेलं. तो शिल्पकारांना दादा म्हणायचा, म्हणून या वहिनी. मग लोहार, ट्रकवाला, समितीची माणसं, सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या.

पुतळा आधी मातीत घडतो. लोखंडी सांगाड्यावर माती चढवायची, महिनोन् महिने ती घडवायची, आणि मग साचेवाला येऊन तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतो. त्या साच्यावरून पुढे ब्राँझ ओततात. साचा निघेपर्यंत माती ओली राहायला हवी. वाळली की आक्रसते, आक्रसली की तडकते. म्हणून सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारायचं, ओली फडकी गुंडाळायची आणि वरून जाड कागद बांधायचा. नाक, बोटं, कान असे पातळ भाग सगळ्यात आधी वाळतात, त्यांना वेगळी पट्टी लावायची. हे काम वहिनींचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिल्पकारांनी वाटणी करून टाकली होती. "पाणी तुझं, माती माझी." मातीला बोट लावायची कुणालाही परवानगी नव्हती, बायकोलासुद्धा नाही. वहिनींनी ती वाटणी मोडली नाही. त्यांच्या लग्नातल्या दोन चादरी सेनापतींच्या अंगावर विरल्या, पण माती एकदाही वाळली नाही.

"वहिनी, तुमच्या हातात पुतळा म्हणजे तान्हं बाळ," साचेवाला म्हणायचा.

"बाळ मोठं होऊन निदान विचारपूस तरी करतं," वहिनी म्हणायच्या. "तुमचे हे सेनापती चौकात गेले की ओळख दाखवत नाहीत."

तेविसावी आली ती टेलिफोनवाली.

आजच्या मुलांना सांगावं लागतं, पण त्या काळी टेलिफोन फिरवून सरळ लागत नसे. मधे एक बाई बसलेली असायची. डोक्यावर पट्टा, एका कानावर ऐकायचा डबा, समोर भोकाभोकांची फळी आणि हातात दोऱ्या. आपण नंबर सांगायचा, ती दोरी खोचायची, मग पलीकडे घंटी वाजायची. अशीच एक बाई नदीकाठच्या एका गावात होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी वरचं धरण फुटलं, तेव्हा ती जागेवरून उठली नाही. खालच्या अंगाच्या एकेका गावाला फोन लावून सांगत राहिली, उंचावर जा, उंचावर जा. सतरा गावं तिनं उठवली. अठरावं लागलं नाही, तोवर पाणी खोलीत आलं होतं. त्या सतरा गावांनी आता, इतक्या वर्षांनी, तिचं स्मारक करायचं ठरवलं आणि ते काम शिल्पकारांकडे आलं.

तिचा एकच फोटो होता. कचेरीतल्या लोकांचा एकत्र काढलेला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, चेहरा वालाच्या दाण्याएवढा, केस दोन्ही बाजूंनी कानांवरून खाली सोडलेले.

पहिले तीन-चार आठवडे सगळं नेहमीसारखं चाललं. पुतळा बसलेला होता, माणसाच्या दीडपट. उजव्या कानावर ऐकायचा डबा, हातात दोरी, आणि डावी बाजू रस्त्याकडे. त्या डाव्या बाजूचे केस शिल्पकारांनी कानामागे सारलेले दाखवले होते. आणि मग त्यांनी कान घ्यायला सुरुवात केली.

"आज काय झालं?" संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन आलेल्या वहिनींनी विचारलं.

"कान."

"काल पण कानच होता."

"कान अवघड असतो."

"नगराध्यक्षांना दोन होते. एका दुपारीत झाले."

शिल्पकार हसले नाहीत. वहिनींच्या विनोदाला ते हसत नाहीत असं सहसा होत नसे. ते हात धुवायला गेले आणि वहिनी पाणी मारायला पुढे झाल्या.

तेव्हा त्यांना ती खाच दिसली. कानाची वरची कड गोल वळून येते ना, तिथेच मध्याच्या जरा मागे, एक बारीकशी खाच. उंदरानं भाकरीचा कोर कुरतडावा तशी. वहिनींना आधी वाटलं, काहीतरी लागून माती उडाली असेल. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. खाच मुद्दाम केलेली होती. तिच्या कडा बोटानं नाही, तारेच्या हत्यारानं हळुवार गोल केल्या होत्या, जुनी भरून आलेली जखम दिसते तशा.

हात पुसून त्या आत गेल्या आणि फळीवर टाचलेला तो फोटो काढून खिडकीशी धरला. केस. फक्त केस. कानाचा मागमूस नाही.

मग यांना कसं कळलं?

वहिनींनी तो प्रश्न तोंडातून बाहेर काढला नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्यांना धास्ती. पण प्रश्न पोटात ठेवला की तो आंबतो. एखाद्या बाईचं नाक जगाला दिसतं, डोळे दिसतात. पण जी बाई कानांवरून केस सोडते तिचा कान कुणाला दिसतो? आईला. बहिणीला. आणि ज्याच्या उशाशी ती डोकं टेकते त्याला.

लग्नाआधी एक वर्ष शिल्पकार त्याच नदीकाठच्या गावी एका मूर्तिकाराकडे शिकायला होते. हे वहिनींना पहिल्यापासून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर येणं वेगळं. आता एकेक जुनी गोष्ट अंगावर चालून येऊ लागली. धरण फुटल्याची बातमी आली त्या दिवशी शिल्पकार जेवले नव्हते. वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं होतं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. पोट बिघडलं असेल म्हणून वहिनींनी त्यांना दोन दिवस पातळ पातळ करून भरवलं होतं, कपाळावर हात फिरवला होता. अठ्ठावीस वर्षांनी वहिनींना त्या दोन दिवसांचा राग आला.

आणि रोज दोनदा तिलाच आंघोळ घालायची. सवतीचं माहेरपण करावं तसं. पाणी मारायचं, बोटांना पट्ट्या, नाकाला पट्टी, आणि कानाला सगळ्यात मऊ पट्टी. सहा आठवडे वहिनींनी ते केलं. त्यांना ती खाच अंधारातही चाचपून सांगता आली असती.

साचेवाला एकदा मापं घ्यायला आला, तेव्हा त्याच्याही नजरेतून काही सुटलं नाही. "या बाईंच्या वेळी दादांचा हात फार हळू चाललाय, वहिनी."

"बाईमाणूस आहे. घाईनं हात लावलेला चालत नाही," वहिनी म्हणाल्या. साचेवाला हसला. वहिनी हसल्या नाहीत.

पुतळा पुरा झाला तेव्हा समितीनं कळवलं, तिची धाकटी बहीण हयात आहे, तिनं पाहून होकार दिल्याशिवाय साचा घ्यायचा नाही. दिवस ठरला. मधे चार दिवस होते, आणि शिल्पकारांना ब्राँझ ओतणाऱ्या कारखान्यात जाऊन यायचं होतं. पिशवी भरून ते दाराशी उभे राहिले.

"ऊन फार आहे. दोनदा पाणी पुरणार नाही, दुपारीही मार."

"बरं."

"बोटं बघ."

"बरं."

"आणि कान. कानाला विसरू नकोस."

वहिनींनी मान हलवली. दार लावून घेतलं आणि तिथेच पाटावर बसल्या. एकतीस वर्षांत हा माणूस पन्नासदा तरी परगावी गेला असेल. जाताना कधी म्हणाला नाही, वेळेवर जेव, औषध घे, दाराला कडी लाव. आणि आज म्हणतो, कानाला विसरू नकोस.

त्या दिवशी वहिनींनी तिन्ही वेळा पाणी मारलं. डोक्याला, खांद्यांना, बोटांना. फडकी गुंडाळली. फक्त कान उघडा ठेवला.

आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. विसरल्या नव्हत्या. विसरणं वेगळं असतं. दुसऱ्या दिवशी कानाचा रंग उतरला, बाकीची माती काळपट आणि कान राखेसारखा. वहिनींनी बादली खाली ठेवली, पट्टी हातात घेतली, आणि परत बादलीत टाकली. तिसऱ्या दिवशी कान आणि डोकं यांच्यामधे केसाएवढी रेघ आली. "आता बोल की," वहिनी पुतळ्याला म्हणाल्या. "सतरा गावांशी बोललीस. माझ्याशी बोल."

चौथ्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये शिरल्या तेव्हा कान जमिनीवर पडला होता. तीन तुकडे झाले होते. खाच होती तो तुकडा नेमका अखंड राहिला होता.

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि वहिनी खाली वाकून तुकडे गोळा करू लागल्या. कानाच्या जागी एक खडबडीत खळगा होता. त्या खळग्यासकट ती तशीच बसली होती, हातात दोरी घेऊन, ऐकत. उजवा कान डब्याखाली, डावा नाहीच. उद्या बहीण येणार. सतरा गावांची माणसं वाट बघत बसलेली. आणि शिल्पकार संध्याकाळच्या गाडीनं परत. एकतीस वर्षांत एकदाही न वाळलेली माती वाळली, ती कशी, हे शिल्पकारांना सांगायला साचेवाल्याची गरज लागली नसती.

वाळल्या मातीला ओली माती धरत नाही, हे वहिनींना बघून बघून पाठ होतं. त्यांनी खळगा खरवडून काढला, ओली पट्टी लावून तासभर मुरू दिला, तारेनं आडव्या-उभ्या रेघा मारल्या. मग मातीच्या पिंपाचं झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच आत हात घातला. माती थंडगार होती. घट्ट मळलेली, पण नरम. इतकी वर्षं हा माणूस रोज या सुखात हात घालत होता तर, वहिनींच्या मनात आलं, आणि त्या मातीचाही त्यांना क्षणभर हेवा वाटला.

आता कान कुणाचा करायचा? तुकडे जोडून तिचा करता आला असता. पण वहिनींनी ते तुकडे पिंपात टाकले आणि आतल्या खोलीतला आरसा उचलून आणला.

आधी त्यांनी स्वतःचा डावा कान पाहून डावा करायला घेतला. निम्मा झाल्यावर लक्षात आलं, हा उलटा होतोय. आरशातला डावा कान मातीत उतरवला की उजवा होतो. मोडला. मग दुसऱ्या बाजूला वळून, उजवा कान आरशात बघत बघत डावा घडवला. एक बोट आपल्या कानावर, एक मातीवर. वरची कड, आतली वळणं, मधला खळगा, पाळी. कान अवघड असतो. नवरा खोटं बोलला नव्हता. भूक लागल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. ऊन कलता कलता कान उभा राहिला. बरा होता. अगदी बरा होता. लांबून पाहिलं तर शिल्पकारांचाच हात वाटावा. त्यांनी त्याला पाणी मारलं, मऊ पट्टी लावली, आरसा जागेवर नेऊन ठेवला, फरशी पुसली.

शिल्पकार आले. पिशवी ठेवून सरळ शेडमध्ये गेले, नेहमीसारखे. वहिनी मागोमाग गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात भांडी लावत राहिल्या, लावलेलीच पुन्हा लावली. फडकी सोडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग फडकी परत बांधल्याचा.

शिल्पकार आत आले. वहिनींच्या समोर उभे राहिले, हात पुढे केला आणि त्यांच्या उजव्या कानामागून नखानं काहीतरी खरवडून काढलं.

"माती लागलीये," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

जेवताना कारखान्याच्या भट्टीबद्दल बोलले, गाडीतल्या गर्दीबद्दल बोलले. वहिनींना वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उलट बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचेवाला प्लास्टरची पोती आणि तीन घमेली घेऊन हजर झाला. "बाई हो म्हणाल्या की कालवतो," म्हणाला. बहीण दहाच्या सुमारास आली. साठीची, काटक, पायांत पुरुषी बूट. वहिनींना वाटलं होतं रडारड होईल. तसं काही नाही. तिनं पुतळ्याभोवती दोनदा चक्कर मारली, बाजारात वस्तू पारखतात तशी.

"खांदे बरोबर," ती म्हणाली. "अशीच बसायची, एक खांदा वर करून. आई ओरडायची. नाकही बरोबर. तिला सांगितलं असतं की तुझा पुतळा होणार, तर म्हणाली असती, बाकीच्यांना काही कामधंदा नाही का."

"मग घेऊ ना साचा?" साचेवाल्यानं बाह्या वर केल्या.

बहीण डाव्या बाजूला येऊन थांबली. तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त माझंच काही नाही यात."

"म्हणजे?" शिल्पकारांनी विचारलं.

"तिच्या कानाला खाच होती. मी केलेली. मी चार वर्षांची, ती सहाची. आईनं तिला आधी मांडीवर घेतलं, म्हणून मी मागून जाऊन कान चावला. तुकडाच पाडला." ती हसली. "सगळ्या घरानं मला बदडलं. ती मात्र रडता रडता आईला म्हणत होती, हिला नका मारू, हिला पण मांडीवर घ्या. पुढे जन्मभर केस सोडून कान झाकला. मला म्हणायची, तुझी अब्रू झाकतेय. बाहेरच्या कुणाला ते ठाऊकच नव्हतं. तुम्हाला तरी कुठून ठाऊक असणार?"

साचेवाला घमेल्याकडे पाहू लागला. शिल्पकार पुतळ्याकडे पाहत होते. बायकोकडे नाही.

"फोटोत केस आहेत," ते शांतपणे म्हणाले. "आहे तो कान चांगला आहे. राहू दे. आणि बसणार दहा फुटांवर, खालून कुणाला दिसणार नाही."

"हो, बरोबर आहे," बहीण म्हणाली. "राहू दे मग. दिसत तर नाहीच." पण तिचा हात पुतळ्याच्या कानाजवळ जाऊन अधांतरीच थांबला होता.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. नवऱ्यानं काय केलं ते त्यांना समजलं. एका बोटाचं काम होतं. खाच कुठे होती, केवढी होती, शिल्पकारांएवढं कुणाला माहीत होतं? तरी ते म्हणाले, आहे तो चांगला आहे. त्यांनी बायकोचा कान ठेवला. सतरा गावांच्या स्मारकावर आता वहिनींचा कान बसणार होता आणि वहिनींना हवं होतं ते मिळालं होतं. फक्त ती साठीची बाई बूट घालून समोर उभी होती, आणि चार वर्षांची असताना केलेली तिची एकुलती एक खूण वहिनींनी काल पिंपात टाकली होती.

माणसानं हेवा केला तर असा करावा, त्यांच्या मनात आलं. मागून जाऊन चावावं आणि मोकळं व्हावं. उघडा ठेवून वाळवू नये.

त्या पुढे झाल्या. मेजावरचं तारेचं हत्यार उचललं. शिल्पकारांनी वर पाहिलं, पण हात धरला नाही. वहिनींनी कानाच्या वरच्या कडेवर, मध्याच्या जरा मागे, तार टेकवली, एवढीशी माती काढली, आणि बोट ओलं करून कडा गोल केल्या. जखम जुनी दिसायला हवी.

"इथे ना?" त्यांनी विचारलं.

बहिणीनं खाचेत बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"इथेच," ती म्हणाली. "अगदी इथेच. ताई, तुम्हाला कसं कळलं?"

साचेवाल्याच्या हातात रिकामं घमेलं तसंच राहिलं.

"मी पण धाकटीच आहे," वहिनी म्हणाल्या. "मागून चावताना तोंड कुठवर पोचतं ते मला माहीत आहे."

बहीण मोठ्यानं हसली, आणि मग तिला रडू आलं. वहिनींनी तिला आत नेऊन चहा दिला. मागे साचेवाला विचारत होता, "दादा, कालवू?" आणि शिल्पकार म्हणत होते, "कालव."

दुपारी प्लास्टर चढलं, पांढऱ्या ढिगाखाली पुतळा दिसेनासा झाला. शिल्पकार नळाशी हात धूत होते. वहिनी टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या, पण पुढे केला नाही.

"कसं कळलं तुम्हाला?"

शिल्पकारांनी नळ बंद केला. "गुरुजी मला रोज टेलिफोनच्या कचेरीत पाठवायचे. दगडाच्या खाणीला फोन करायला. फोन लागायला तास तास जायचा. बाजूच्या खिडकीशी एक बाकडं होतं, तिथे बसवायचे. तिथून ती दिसायची. म्हणजे एक बाजू. उजव्या कानावर डबा, आणि डाव्या बाजूचे केस उकडतं म्हणून मागे सारलेले. मी शिकत होतो. बसल्या बसल्या कान काढायचो कागदावर."

"बोलायचात काय?"

"नंबर. आणि ती म्हणायची, थांबा, लागतोय."

"बस?"

"बस."

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं नव्हतं. हेच तर वाईट होतं. काही झालं असतं तर भांडता आलं असतं.

"किती दिवस बसलात त्या बाकड्यावर?"

"अकरा महिने."

"मोजलेत वाटतं."

वहिनींनी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला, जरा जोरातच. "आणि माझ्या घरात एकतीस वर्षं. माझा कान कधी काढावासा वाटला नाही कागदावर?"

"तुझा उजवा कान डाव्यापेक्षा लांब आहे," शिल्पकार हात पुसत म्हणाले. "पाळीचं भोक ओघळलंय, मुलीच्या लग्नात जड कुडी घातलीस तेव्हापासून. पुतळ्यावर पाळी पाहिली तेव्हाच कळलं, आरशात बघून केलास. डावा हवा म्हणून उजवा बघितलास. मला हे शिकायला सहा महिने लागले होते."

वहिनींचा हात उजव्या पाळीकडे गेला. मग म्हणाल्या, "बघितलाय तर काढला का नाही?"

"ती एका जागी बसायची. तिचं कामच ते. तू कधी बसलीस?"

"कुणाच्या पाण्यासाठी धावत होते मी?"



ब्राँझ होऊन पुतळा बसायला पाऊणएक वर्ष गेलं. स्मारकाच्या दिवशी सतरा गावांची माणसं आली. भाषणं झाली. खालून कान दिसत नव्हता, शिल्पकार म्हणाले तसंच. बहीण मात्र शिडी मागून घेऊन वर चढली आणि खाचेत बोट घालून आली. उतरल्यावर तिनं वहिनींचा हात हातात घट्ट धरून ठेवला. वहिनी वर पाहत होत्या. कान आपला, खाच तिची. आता जळायचं ठरवलं तरी निम्मं स्वतःवरच जळावं लागणार होतं. तरी मेली एक कळ उठलीच. अकरा महिन्यांची.

दुसऱ्या दिवशी शिल्पकारांनी पिंप उघडलं. पाचव्या नगराध्यक्षांचं काम आलं होतं. ते माती मळत होते तेव्हा वहिनी शेडमध्ये आल्या. हातात बादली नव्हती. त्यांनी खिडकीजवळचं स्टूल ओढलं, केस दोन्ही बाजूंनी मागे सारले आणि उजवी बाजू उजेडाकडे करून बसल्या.

"काय गं?"

"बसलेय."

शिल्पकारांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग नगराध्यक्षांची माती बाजूला ठेवली आणि पिंपातून दुसरा गोळा काढला. घरातून दूध उतू गेल्याचा करपट वास आला. सवयीनं वहिनींचा पाय जमिनीला लागला.

"हलू नकोस," शिल्पकार म्हणाले, आणि मातीचे हात घेऊन स्वतःच धावत गेले. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला, मग बोट भाजल्याचा. वहिनी हलल्या नाहीत. ते बोट तोंडात घालून परत आले आणि समोर बसले.

"किती वेळ बसशील?" त्यांनी विचारलं.

"अकरा महिने," वहिनी म्हणाल्या. "आणि वर एक दिवस."